पुनर्विकास आणि ६४० डब्या : घरच्या चित्रपटसंग्रहाचं काय करू?

नौपाडाकर (शनिवार, रात्री ९:४०)

नमस्कार मंडळी. बऱ्याच दिवसांनी धागा काढतोय, सांभाळून घ्या.

आमची इमारत पुनर्विकासात गेली. महिनाअखेरीस घर रिकामं करून द्यायचंय. तीन वर्षं (बिल्डर म्हणतो तीन, म्हणजे पाच धरा) ठाण्यातच कोलशेतला भाड्याच्या वन बीएचकेत राहायचंय. भांडी, कपाटं, देव, सगळ्यांची व्यवस्था लागली. अडलंय ते माझ्या चित्रपटांपाशी.

काल मोजले. ६४० डब्या भरल्या. साधारण दोनशे व्हीसीडी, चारशेच्या वर डीव्हीडी आणि वीसेक ब्लू-रे. पूर्ण छापील किमतीला घेतलेल्या त्यात दहासुद्धा नसतील. बाकी सगळा सौद्याचा माल. व्हिडिओ लायब्ररी बंद होताना दहा रुपयाला एक, मॉलमधल्या दुकानाच्या शेवटच्या दिवसांत "तीन घ्या, दोनचे पैसे द्या", स्टेशनजवळच्या रद्दीवाल्याकडे वीसला पाच, आणि गेल्या चार वर्षांत तर शेजारच्या इमारती पडायला लागल्यापासून चक्क फुकट. लोक जिन्याखाली पेटी ठेवून जातात हो! आमच्या गल्लीत एक इमारत रिकामी झाली की माझा संग्रह तीस-चाळीसने वाढतो.

सौ. म्हणतात, "यातल्या पाचशे तू एकदाही लावलेल्या नाहीस." हे खरं आहे, त्यामुळे वाद घालता येत नाही.

प्रश्न तीन :
ठेवू की देऊ? ठेवल्या तर वन बीएचकेत कशा?
व्हीसीडी चालवणारा प्लेअर आता मिळतो का? माझा मागच्या पावसाळ्यात गेला.
तिसरा जरा खासगी आहे. एका जुन्या तीन अंकी नाटकाचा तीन व्हीसीडींचा संच मला जांभळी नाक्याजवळ पंधरा रुपयाला मिळाला होता. घरी येऊन उघडला तर १ आणि ३ आहेत, २ नाही. बाबांनी ते नाटक गडकरी रंगायतनला पाहिलं होतं आणि त्यातले संवाद जेवताना म्हणायचे. हा मधला अंक कुठे मिळेल?

(नाटकाचं नाव इथे मुद्दाम देत नाही, नाहीतर धागा नाटकावर जाईल. माहीतगारांनी व्यनि, म्हणजे व्यक्तिगत निरोप, करावा.)

---

बाकरवडी_७ (९:४४)

रुमाल टाकून ठेवतो. पॉपकॉर्न घेऊन येतो.

---

तिरकस_तात्या (९:५८)

भंगारवाल्याला द्या. प्रश्न मिटला. धागा बंद करावा.

---

चिंगी_ऐरोली (१०:०५)

तात्या +१.

आमच्याकडेही हाच आजार आहे. यजमानांनी वाशीच्या एका मॉलमधून "संपत आलाय स्टॉक" म्हणून एका दिवसात ६२ डीव्हीडी आणल्या. त्यातले अकरा चित्रपट घरात आधीच होते. एक तर तिसऱ्यांदा आला. विचारलं तर म्हणे, "पण याला पुठ्ठ्याचं बाहेरचं कव्हर आहे!"

नौपाडाकर, तुमच्या सौं.ना माझा नमस्कार सांगा.

---

खाडीकाठ (१०:३१)

तात्या, भंगारात काय मिळणार? एक चकती १५-१६ ग्रॅमची. किलोला साठेक चकत्या झाल्या. व्हीसीडीच्या डबीत दोन-दोन चकत्या धरल्या तरी नौपाडाकरांचा सगळा संसार, डब्या सोडल्या तर, पंधरा किलोच्या आसपास. एवढ्यासाठी भंगारवाला चार मजले चढायचा नाही.

आता मुद्द्यावर येतो. डीव्हीडीची नेहमीची डबी साधारण १४ मिलिमीटर जाडीची. सव्वाचारशे डब्या उभ्या लावल्या तर जवळजवळ सहा मीटर, म्हणजे वीस फूट फळी लागते. जागा खाते ती डबी. चकत्या काढून आतल्या कागदासकट मऊ पाकिटांच्या फाइलमध्ये घातल्या तर सगळा संग्रह चार-पाच जाड फायलींत मावेल. पाकिटं मात्र चांगली घ्या. स्वस्तातली पीव्हीसीची पाकिटं आपल्या दमट हवेत चकतीला चिकटतात.

दुसरा मार्ग हार्ड डिस्कचा. हिशोब असा : एका थराच्या डीव्हीडीत ४.७ जीबी, दोन थरांच्या डीव्हीडीत ८.५. सरासरी ६ धरा. ४२० गुणिले ६ म्हणजे अडीच हजार जीबी, अर्थात अडीच टीबी. व्हीसीडी सगळ्या मिळून तीनशे जीबी, ब्लू-रे सातशे. ४ टीबीच्या एका हार्ड डिस्कमध्ये ६४० डब्या बसतात आणि ती खिशात मावते.

---

तिरकस_तात्या (१०:३६)

आणि ती एक दिवस खाली पडते. ६४० एकदम.

---

खाडीकाठ (१०:३८)

म्हणून दोन घ्यायच्या.

---

सेक्टर१७ (१०:५५)

डबीतून काढू नका हो! डबी, आतला कागद, पाठीवरचा मजकूर, हे सगळं मिळून संग्रह होतो. नुसत्या चकत्या फायलीत भरल्या की तो चोरबाजारातला माल दिसतो.

लायब्ररीचा विषय निघाला म्हणून सांगतो. वाशीत आमच्या सेक्टरमध्ये एक व्हिडिओ लायब्ररी होती. आधी व्हीएचएस, मग व्हीसीडी, मग डीव्हीडी. एका दिवसाचे वीस रुपये, उशीर झाला तर दंड. मालक वहीत सगळं लिहायचे. कुणी कुठला चित्रपट किती वेळा नेला ते त्यांना पाठ. बंद करायचं ठरलं तेव्हा दारावर पाटी लावली : "सर्व सभासदांस, प्रत्येकी रु. १०." मी ऑफिसमधून अर्धी रजा टाकून गेलो. शंभर घेतल्या. लायब्ररीचे शिक्के, मागे चिकटवलेला तारखांचा कागद, सगळं तसंच आहे. एका डीव्हीडीच्या कागदावर माझ्याच सभासद क्रमांकाच्या सात नोंदी निघाल्या. म्हणजे जी डीव्हीडी मी शेवटी दहा रुपयाला घेतली, तिचं भाडंच मी आधी १४० रुपये भरलं होतं.

अवांतर : शेमारू ही कंपनीसुद्धा मुळात लायब्ररीच. १९६२ साली पुस्तकं भाड्याने द्यायला सुरुवात केली, व्हिडिओ नंतर आला.

---

चिंगी_ऐरोली (१०:५९)

एकच चित्रपट सात वेळा भाड्याने आणला??

---

सेक्टर१७ (११:०२)

लहान मुलगी होती घरात. अस्वलाचा चित्रपट होता. अधिक काही विचारू नका.

---

वकील_पण_बरा (११:२०)

हार्ड डिस्कवर उतरवण्याबद्दल एक पिंक टाकतो. व्यावसायिक सल्ला समजू नये, फी आकारलेली नाही.

स्वतःच्या खासगी वापरासाठी कॉपीराइट कायद्याच्या ५२व्या कलमात सवलत आहे. पण २०१२ च्या दुरुस्तीने ६५अ हे कलम आलं. हक्कभंग करण्याच्या हेतूने चकतीचं कुलूप (नक्कल होऊ नये म्हणून घातलेलं) तोडणं हा त्यात गुन्हा ठरतो, दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड. कलमात 'हेतू' हा शब्द महत्त्वाचा. स्वतःच्या पैशाने घेतलेली, स्वतःच्या घरात, स्वतःसाठी, इथवर थांबा. उतरवून मित्रांना वाटलीत तर मला फोन करू नका.

व्हीसीडीला मात्र कुलूपच नसतं. संगणकात टाका, आत 'एमपीईजीएव्ही' नावाचा फोल्डर दिसेल, त्यातली मोठी 'डॅट' फाइल उचलून ठेवा. संगणकावरच्या व्हीएलसी प्लेअरमध्ये थेट चालते. नौपाडाकर, तुमच्या नाटकाच्या १ आणि ३ आधी आज रात्रीच उतरवून घ्या. प्लेअर नंतर शोधा.

---

नौपाडाकर (११:४१)

वकीलसाहेब, आत्ताच करून बघितलं. १ उतरली. ३ मध्ये शेवटची दोनेक मिनिटं अडकतंय. लॅपटॉपला ड्राइव्ह नाही, शेजारच्या मुलाचा बाहेरून जोडायचा आणलाय. तो मुलगा चकतीकडे असा बघत होता जणू मी जात्यावर दळायला बसलोय.

---

खाडीकाठ (११:५६)

अडकतेय ती चकती उजेडासमोर धरा. छापील बाजूने टाचणीएवढी भोकं दिसली तर तिथला चकाकणारा थर गेला, उपाय नाही. सीडी-व्हीसीडीत तो थर अगदी वरच्या छपाईच्या खालीच असतो. म्हणून लोक खालची बाजू जपतात आणि वरच्या बाजूला बॉलपेनने नाव लिहितात, हे नेमकं उलटं आहे. डीव्हीडीत तो थर दोन प्लॅस्टिकच्या पापुद्र्यांच्या मधोमध, दोन्हीकडून ०.६ मिलिमीटर आत असतो. त्यामुळे डीव्हीडी वरून जास्त टिकते.

खालच्या बाजूला नुसती घाण किंवा बुरशी असेल तर साधं पाणी, थोडा भांड्यांचा साबण आणि चष्म्याचं मऊ कापड. पुसायचं मध्यातून कडेकडे, सरळ रेषेत. गोल फिरवायचं नाही, कारण माहिती गोलाकार लिहिलेली असते आणि त्या दिशेने गेलेला ओरखडा प्लेअरला भरून काढता येत नाही. टूथपेस्ट लावू नका. कुणीतरी सांगेलच.

---

बाकरवडी_७ (रविवार, सकाळी ८:१०)

टूथपेस्ट लावून बघा ना.

---

तिरकस_तात्या (८:३३)

सकाळी उठून बघतो तर धाग्याला वीस प्रतिसाद. ठीक आहे, आता गंभीरपणे लिहितो.

स्वस्त मिळतंय म्हणून घेणं आणि आवडतं म्हणून घेणं यात फरक आहे. मी स्वतः २००७-०८ मध्ये या नादात होतो. मोझर बेअर कंपनीने व्हीसीडी २८ रुपयाला आणि डीव्हीडी ३४ रुपयाला आणली, आठवतंय? त्याआधी अस्सल डीव्हीडीला काहीशे रुपये मोजावे लागायचे. दिल्लीची कंपनी, कोऱ्या चकत्या बनवायची, आणि अचानक वाण्याच्या दुकानात बिस्किटांशेजारी चित्रपट लटकायला लागले. मी गोखले रोडवर भाजी आणायला जायचो आणि कोथिंबिरीसोबत तीन चित्रपट घेऊन यायचो. कोथिंबीर संपायची. चित्रपट अजून आहेत, काहींचं प्लॅस्टिकसुद्धा फोडलेलं नाही. २०१८ मध्ये कंपनी दिवाळखोरीत निघून अवसायनात गेली, माझी कपाटं मात्र त्यांच्या मालाने भरलेली.

३४ रुपयात घेतला म्हणून तो चित्रपट कधी बघितलाच नाही. थिएटरला दोनशेचं तिकीट काढलं असतं तर नक्की बघितला असता.

---

सेक्टर१७ (९:०५)

तात्या, पहिल्यांदाच तुमच्याशी अर्धा सहमत.

उरलेला अर्धा असा : सौद्यात जे हवं ते मिळत नाही, हे खरं. पण जे मागायचं सुचलं नसतं ते मिळतं. वीसला पाच घ्यायच्या असतात, चार पसंत पडतात, पाचवी उगाच उचलतो. माझ्या संग्रहात आज सर्वात लाडके जे पाच-सहा आहेत ते सगळे 'पाचवे' आहेत. बंगाली, इराणी, एक कृष्णधवल जपानी. ओटीटीवर मला ते कुणी दाखवलेच नसते. तिथे मी जे काल बघितलं त्याच्यासारखंच आज दाखवतात.

शिवाय तिथे आज असलेला चित्रपट उद्या नसतो. करार संपला की गुपचूप गायब. निम्मा बघून ठेवलेला आणि दुसऱ्या दिवशी नाही, असा अनुभव इथे प्रत्येकाला असेल.

---

जर्सीतली_माई (९:४७)

इकडे रात्र आहे, झोप येत नाही, म्हणून लिहिते. माहेर माझं घंटाळीचं, त्यामुळे नौपाडाकरांची गल्ली डोळ्यांपुढे आली.

इथे अमेरिकेत हा छंद अगदी राजमान्य आहे. गुडविलसारख्या जुन्या वस्तूंच्या दुकानात एक-दोन डॉलरला डीव्हीडी. सार्वजनिक वाचनालयं वर्षातून एकदा जुना साठा काढतात, तेव्हा पिशवीच्या हिशोबाने. क्रायटेरियन म्हणून एक कंपनी आहे, १९८४ पासून जगभरातले अभिजात चित्रपट फार निगुतीने काढते, महाग असतात. पण बार्न्स अँड नोबल या पुस्तकांच्या दुकानात जुलै आणि नोव्हेंबरमध्ये ते अर्ध्या किमतीला मिळतात. माझे मिस्टर त्या दोन महिन्यांची वाट अशी बघतात जशी आपण हापूसची.

तरी इकडेही उतरती कळाच. नेटफ्लिक्स सुरुवातीला टपालाने डीव्हीडी पाठवायची, ते सप्टेंबर २०२३ मध्ये बंद केलं. शेवटी ज्यांच्या घरी चकत्या होत्या त्यांना म्हणाले, ठेवा तुम्हालाच. नाक्यानाक्यावरची रेडबॉक्सची लाल यंत्रंसुद्धा २०२४ मध्ये गेली.

एकदा भावासाठी वीस डीव्हीडी ठाण्याला नेल्या. एकही चालली नाही. पडद्यावर 'रीजन' काहीतरी. वजन भरलं ते वेगळंच. त्याच वजनात बदाम आले असते, हे आई अजून ऐकवते.

---

खाडीकाठ (१०:१५)

माई, डीव्हीडीचं जग सहा भागांत वाटलेलं आहे. अमेरिका १, युरोप-जपान २, आपण ५. ब्लू-रेचे तीन भाग : अमेरिका आणि जपान 'ए'त, युरोप 'बी'त, आपण रशिया-चीनबरोबर 'सी'त. नवीन ४के ब्लू-रेला ही भानगडच नाही.

भावाला सांगा, मोठ्या नावाचा प्लेअर बाजूला ठेव आणि जुन्या बाजारातला बिननावाचा हजार-बाराशेचा प्लेअर आण. त्या बिचाऱ्यांना प्रदेशवाद कळत नाही, ते सगळं चालवतात. संगणकाच्या ड्राइव्हवर मात्र जपून, रीजन पाचदाच बदलता येतो. पाचव्यांदा जिथे असाल तिथे कायमचे.

---

बाकरवडी_७ (१०:१७)

पाचदा पक्ष बदलायची सोय! आपल्याकडच्यांना कमीच पडेल.

---

ॲडमिन (१०:४०)

बाकरवडी_७, राजकारणाचे धागे वेगळे आहेत. याशिवाय 'टोरेंटची लिंक व्यनि करा' असे दोन प्रतिसाद उडवले आहेत. चर्चा चांगली चालू आहे, ती तशीच चालू द्या.

---

चिंगी_ऐरोली (११:२५)

सौद्यातल्या फसवणुकीचा एक किस्सा सांगते, मग भात लावायला जाते.

यजमानांनी पदपथावरून चाळीस रुपयाला एका जुन्या गाजलेल्या हिंदी चित्रपटाची डीव्हीडी आणली. रविवारी दुपारी सासूबाई, नणंद, सगळे जमून बसलो. लावली तर सत्यनारायणाची पूजा! गुरुजी, चौरंग, केळीचे खुंट, पाचही अध्याय. सासूबाई उठू देईनात. म्हणाल्या, सुरू झालेली कथा अर्धवट सोडू नये. दीड तास बसलो आणि शेवटी प्रसादाचा शिरा मलाच करावा लागला.

पुढच्या वर्षी गुरुजी ऐन वेळी आले नाहीत तेव्हा तीच डीव्हीडी लावून पूजा केली. तर चाळीस रुपये वसूल. पण हे यजमानांना सांगणार नाही.

---

सेक्टर१७ (११:३१)

हहपुवा (हसून हसून पुरे वाट). धाग्याचं सार्थक झालं.

---

वकील_पण_बरा (११:५०)

चिंगीताई, पदपथावरचा माल ओळखायच्या खुणा देतो, शिरा वाचेल.

एक, खालची बाजू बघा. कारखान्यात छापलेली चकती चंदेरी दिसते. घरी संगणकावर 'बर्न' केलेली जांभळट किंवा हिरवट. दोन, मधल्या भोकाभोवतीच्या पारदर्शक कड्यावर अगदी बारीक अक्षरांत 'आयएफपीआय' आणि पुढे आकडे कोरलेले असतात. ते कारखान्याचं चिन्ह. तीन, कव्हर. कायद्याच्या ५२अ कलमाप्रमाणे सेन्सॉर प्रमाणपत्राची प्रत आणि काढणाऱ्याचं नाव-पत्ता कव्हरवर छापावा लागतो. 'एकात पाच चित्रपट' असं लिहिलेलं असेल आणि पाचही मागच्या महिन्यातले असतील तर कायदा बघायचीही गरज नाही.

---

कोपरीकर (दुपारी १:३०)

सगळा धागा एका बैठकीत वाचला. मी कधी लिहीत नाही, आज राहवलं नाही.

मी ठाणे पूर्वेला राहतो. गेली पंधरा वर्षं हाच उद्योग. काही अनुभवाच्या गोष्टी सांगतो.

मुंबईच्या चोरबाजाराबद्दल सगळे बोलतात, पण शुक्रवारी पहाटे गेलात तरच मजा. त्या दिवशी मटण स्ट्रीटवरची बरीच पक्की दुकानं बंद असतात आणि रस्त्यावर जुना बाजार भरतो. मी ठाण्याहून पहिल्या-दुसऱ्या गाडीने निघतो, सँडहर्स्ट रोडला उतरतो. सोबत छोटी विजेरी. तिथे चकत्या डबीशिवाय, सुतळीत ओवलेल्या मिळतात, भज्यांच्या पुड्यासारख्या. तिथे भाव विचारायचा नाही. आपण ढीग करायचा, मग त्याच्याकडे बघायचं, मग नोट दाखवायची. तो नाही म्हणाला की ढिगातून एक काढून ठेवायची. दोनदा असं केलं की तो म्हणतो, घेऊन जा. पहिल्यांदा मी उलटं करायचो. भाव ऐकून मग निवडायचो. त्याला कळायचं की कुठल्या चकतीवर माझा जीव आहे.

काळा घोड्याचं ऱ्हिदम हाउस हे गाण्यांच्या-चित्रपटांच्या चकत्यांचं दुकान, सौद्याचं नव्हतं, पण तिथे फिरूनच मला कळलं की काय शोधायचं. २०१६ मध्ये ते बंद झालं. तिथे बघायचं आणि चोरबाजारात शोधायचं, असं माझं चालायचं. आता बघायचं ठिकाणच उरलेलं नाही. म्हणून नवीन पोरांना हा नाद लागत नाही, असं माझं मत आहे. भाव उरला नाही म्हणून नव्हे.

मराठीची स्थिती वाईट. हिंदी-इंग्रजी चकत्या पोत्याने मिळतात. मराठी चित्रपट आणि विशेषतः नाटकं हजारांच्या घरात छापली जायची नाहीत बहुधा, कारण पंधरा वर्षांत मला तीच तीच पंचवीस-तीस दिसतात. ज्यांच्याकडे आहेत ते जुनी माणसं आहेत, आणि ती गेली की घरचे पेटी जिन्याखाली ठेवतात. नौपाडाकर म्हणतात ते अक्षरशः खरं आहे. आपल्याकडे सध्या नाटकांच्या व्हीसीडी मिळायची जागा एकच, पाडायला काढलेल्या इमारती.

नौपाडाकर, व्यनि बघा.

---

बाकरवडी_७ (१:३२)

ओहोहो. सस्पेन्स.

---

नौपाडाकर (२:१५)

मंडळी, हात थरथरतायत. कोपरीकरांकडे त्याच नाटकाची व्हीसीडी आहे! त्यांच्याकडे १ तडकलेली आहे, २ शाबूत आहे. माझ्याकडे १ शाबूत. ते म्हणाले, तुम्ही १ द्या उतरवून, मी २ देतो. संध्याकाळी तलावपाळीला भेटतोय.

---

तिरकस_तात्या (२:२०)

फोटो टाका. आणि २ घेण्याआधी उजेडासमोर धरून बघा. मागचे प्रतिसाद वाचले आहेत मी.

---

खाडीकाठ (३:०५)

तोवर दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर देतो. नवीन प्लेअर घेताना खोक्यावर 'व्हीसीडी' लिहिलंय का ते बघा. ब्लू-रे प्लेअर डीव्हीडी चालवतात, पण त्यातले बरेच व्हीसीडीला हात लावत नाहीत. आणि मोठ्या टीव्हीवर फार अपेक्षा ठेवू नका. व्हीसीडीचं चित्र ३५२ बाय २८८ ठिपक्यांचं. डीव्हीडीचं ७२० बाय ५७६, म्हणजे चौपट. ५५ इंची पडद्यावर व्हीसीडी लावली की नायिकेचा चेहरा जुन्या बाथरूममधल्या मोझॅकच्या लादीसारखा दिसतो. लॅपटॉपवर छोट्या खिडकीत बघा, बरं दिसेल.

---

जर्सीतली_माई (४:१०)

इकडे सकाळ झाली. तलावपाळीचं काय झालं?

---

चिंगी_ऐरोली (७:३०)

अहो नौपाडाकर, आमच्याकडे यजमानसुद्धा दर पाच मिनिटांनी धागा उघडतायत.

---

नौपाडाकर (रात्री १०:५०)

आत्ता घरी आलो. क्रमाने सांगतो.

कोपरीकर अगदी वेळेवर, कापडी पिशवी घेऊन आले. वडापाव खाल्ला. चकती विजेरीसमोर धरली, स्वच्छ. घरी आलो, उतरवली, आईला बोलावलं, लावली.

गोची अशी की त्यांचा संच दोन व्हीसीडींचा आहे! माझा तीनचा. नाटक सव्वादोन तासांचं. माझ्या १ मध्ये पहिला अंक, पंचेचाळीस मिनिटांचा. त्यांची २ सुरू होते ती बरोब्बर अर्ध्यातून, एक वाक्य तोडून. म्हणजे मधली बावीस-तेवीस मिनिटं दोघांकडेही नाहीत. कोपरीकरांच्या तडकलेल्या १ च्या अगदी कडेला ती आहेत. व्हीसीडी आतून बाहेर वाचली जाते आणि तडा बाहेरूनच आत आलाय. ती मी घेऊन आलोय, पण खाडीकाठ व्यनित म्हणतात तडकलेली चकती ड्राइव्हमध्ये घालू नका, फिरताना फुटेल.

फायदा असा की माझ्या ३ मध्ये जी शेवटची दोन मिनिटं अडकत होती ती त्यांच्या २ मध्ये आहेत. शेवट मिळाला.

आई सगळं बघत बसली. बाबा म्हणायचे तो संवाद पहिल्या अंकात निघाला, म्हणजे तो इतकी वर्षं माझ्या घरातच होता. मी १ पूर्ण कधी बघितलीच नव्हती, २ नाही म्हणून. सौ. काही बोलल्या नाहीत. नुसतं बघितलं.

---

सेक्टर१७ (११:०४)

वा! मग आता ठेवताय की देताय?

---

नौपाडाकर (११:३०)

सौ.शी तह झालाय. मराठी सगळं, लायब्ररीचे शिक्के असलेलं सगळं आणि ब्लू-रे, डब्यांसकट, दिवाणाखाली. बाकी फायलीत. ज्या एकदाही लावलेल्या नाहीत त्यांच्यातून रोज रात्री एक काढायची, वीस मिनिटं बघायची, नाही आवडली तर जिन्याखालच्या पेटीत. महिनाअखेरीपर्यंत जेवढं होईल तेवढं. ज्यांना हवं त्यांनी येऊन घेऊन जावं, व्यनि करा. तात्या, तुम्ही ते न फोडलेलं प्लॅस्टिक फोडा.

आकडा मात्र आता ६५१ झालाय. कोपरीकरांनी पिशवीसकट दिलं, नाही म्हणवेना.

---

कोपरीकर (११:३४)

घरी जागा नव्हती.

---

जर्सीतली_माई (११:४५)

पण त्या बावीस मिनिटांत काय होतं?

---

नौपाडाकर (११:५२)

आईला विचारलं. म्हणाली, "विशेष काही नाही रे. टेलिफोन येतो आणि सगळे घाबरतात." कुणाचा फोन, ते तिला आठवत नाही. इथे कुणी ते नाटक पाहिलं असेल तर सांगा, कोपरीकर आणि मी दोघेही अडकलोय.

---

तिरकस_तात्या (११:५५)

बिल्डरचा असेल.